ताप आहे, उतरेल

देवाने माणसाला डोळे दिले आणि डोळ्यांवर पापण्याही दिल्या. बघ म्हणाला, पण एकदम झेपत नसेल तर जरा मीट. आता त्या किती वेळ मिटायच्या, हे मात्र त्याने ज्याच्या त्याच्या भरवशावर सोडलं, आणि इथेच सगळा घोटाळा झाला.

मेकअपताईंचंच बघा. स्टुडिओत त्यांना सगळे नुसतं ताई म्हणत. हाताला असा गुण की सुजलेला चेहरा ताजा करावा, म्हातारा तरुण करावा. पण गेलं वर्षभर त्या उलटंच काम करत होत्या. धडधाकट माणसांना मेलेलं करत होत्या. मालिकाच तशी होती, झॉम्बींची. म्हणजे मेलेली माणसं उठतात, पाय ओढत चालतात, दिसेल त्याला चावतात, आणि ज्याला चावतात तो मरून पुन्हा उठतो. सेटवर त्यांना कोणी झॉम्बी म्हणत नसे, 'उठलेले' म्हणत. "उठलेल्यांनो, जेवायला बसा रे!" अशी हाक आली की करड्या, फाटक्या चेहऱ्यांची वीस-पंचवीस माणसं गळ्याला टॉवेल बांधून रांगेत बसत आणि ओठांचा रबर निघू नये म्हणून चिमणीएवढे घास घेत.

त्या उठलेल्यांत एक होते अण्णा, ताईंचे सख्खे मोठे भाऊ. अण्णांनी लग्न केलं नव्हतं, ताईंचे यजमान देवाघरी गेले होते, त्यामुळे बहीण-भाऊ एकाच घरात राहत आणि एकाच बसने कामाला येत. ताई रोज सकाळी ब्रश कपाळाला लावून देवाचं नाव घेत आणि भावाला मारत. संध्याकाळी तेलाने, कोमट पाण्याने पुसून त्यांना पुन्हा जिवंत करत. दोन्ही वेळा अण्णा खुर्चीत डोळे मिटून प्रार्थनेची गाणी गुणगुणत.

मालिकेत अण्णा घरातले थोरले होते. मुळात त्यांना कोणी चावणार नव्हतं. शेवटपर्यंत जिवंत राहून त्यांनी सगळ्यांना उपदेश करायचा, असं ठरलं होतं. पण मध्येच लेखिकेच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, थोरले शेजाऱ्याची शिडी परत करायला गेले आणि शेजाऱ्याने त्यांच्या टाचेचा लचका तोडला. त्यांच्या बायकोने त्यांना अडगळीच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली, आणि मुलाला-सुनेला सांगितलं, "ताप आहे. उतरेल."

पुढची सगळी मालिका ह्या तापावर चालली. मुलगा म्हणायचा, "आई, हा ताप दार खरवडतोय." बायको म्हणायची, "ग्लानीत आहेत रे." सून म्हणायची, "आई, त्यांनी बोळा खाल्ला, कापडाचा." बायको म्हणायची, "म्हणजे भूक लागायला लागली. चांगलं लक्षण आहे." प्रत्येक भागात मुलगा लोखंडी कांब घेऊन दारापर्यंत जाई आणि प्रत्येक भागात ती खाली ठेवून परत येई. घरोघरी भांडणं लागली. निम्मे लोक म्हणत, एक घाव घाल आणि बापाला सोडव. निम्मे म्हणत, असशील मोठा शहाणा, आधी स्वतःच्या बापावर कांब उचलून दाखव.

ताई घरी मालिका बघायला बसल्या की त्या बायकोवर तोंडसुख घेत. "काय बाई आहे! नवरा हिरवा पडलाय, कान गळून पडलाय, आणि म्हणे ताप! डोळ्यांवर कातडं ओढून बसलीय नुसती."

"कान छान गळलाय," अण्णा म्हणत. "कोणी केला?"

"मीच केलाय, अण्णा."

"हो का? वा!"

अण्णांचं असं बऱ्याच महिन्यांपासून चाललं होतं. एके काळी पानंच्या पानं पाठ असलेला हा माणूस ओळीच्या मधोमध थांबायला लागला, तेव्हा ताई म्हणाल्या, लाइट डोळ्यांवर येतो. कंगवा फ्रिजमध्ये सापडला, तेव्हा म्हणाल्या, झोप झाली नाही त्यांची. आपली घरी जायची बस कुठली, हे त्यांनी बसमध्ये बसूनच विचारलं, तेव्हाही म्हणाल्या, झोप झाली नाही. मग मालिकेत थोरले चावले गेले, अण्णांना नुसतं घुरघुरायचं काम उरलं, आणि ताईंनी मनातल्या मनात हात जोडले. देवा, बरी सोय केलीस!

एकदा तर कमाल झाली. ताई इतरांचे चेहरे पुसण्यात गुंतल्या होत्या आणि अण्णा तसेच घरी निघाले. गाल दातांपर्यंत फाटलेला, एक कान नाही, मान हिरवी. बसमध्ये एका मुलीने अदबीने उठून जागा दिली. घराजवळच्या बेकरीत जाऊन त्यांनी पाव मागितला. बेकरीवाल्याने पाव कागदात बांधता बांधता विचारलं, "अण्णा, बरं नाही का?" दुसऱ्या दिवशी त्याने ताईंनाही विचारलं. "अण्णा जरा उतरलेले वाटले हो काल."

"ठणठणीत आहेत!" ताई म्हणाल्या. "झोप झाली नव्हती."

मालिकेतल्या बायकोचं काम करणाऱ्या बाईंना सेटवर सगळे वहिनी म्हणत. ताईही म्हणत, आणि वर पुस्ती जोडत, "आमच्या अण्णांना बायको मिळाली ती मेल्यावरच." वहिनी रंगमंचावर आयुष्य काढलेल्या, सहजासहजी फसणाऱ्या नव्हेत. एक दिवस ताई त्यांच्या डोळ्यांखाली रडून रडून पडलेली वर्तुळं काढत होत्या, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ताई, अण्णांना कुठे दाखवलंत का?"

"कशाला? काय झालंय त्यांना?"

"काल मला विचारत होते, तुमचं लग्न झालंय का म्हणून. वर्षभर नवरा आहेत माझे."

"गंमत केली असेल. डोळे मिटा बघू, काजळ आत जाईल."

वहिनींनी डोळे मिटले. "मी मिटते हो," त्या म्हणाल्या. "माझे काय, तुम्ही सांगितलं की उघडेन."

ताईंनी ब्रश जरा जास्तच जोरात झटकला. पण खरी भीती त्यांच्या पोटात होती. कळलं, की अण्णांची खुर्ची जाईल. मेकअपच्या आरशासमोरची ती खुर्ची गेली, तर अण्णा दिवसभर घरी एकटे बसून काय करणार? कंगवा शोधणार? आणि खुर्चीत डोळे मिटून गाणारा माणूस नसेल, तर आपण सकाळी ब्रश कपाळाला लावून कोणाला रंगवणार?

मग शेवटच्या भागाचा दिवस आला आणि दिग्दर्शकाने बॉम्ब टाकला. उत्साही माणूस, भराभर बोलणारा. "अण्णा, आज तुम्ही बोलणार! दार फोडून बाहेर येता, वहिनी समोर कांब घेऊन उभ्या. तुम्ही हात उचलता. प्रेक्षकांना वाटतं, आता धरणार. आणि तुम्ही बोलता! जाता जाता एकच वाक्य. मी गेलोय हे तू कबूल कर, म्हणजे मला जाता येईल."

"वा," अण्णा म्हणाले.

"आणि हे एकदाच. दार खऱ्या लाकडाचं आहे. सुतार म्हणतो, एकदा फुटलं की जोड दिसणारच. कॅमेरा तुमच्या दोघांभोवती फिरत राहणार, त्यामुळे मागे वाक्य लिहिलेली पाटी धरून कोणी उभं राहायचं नाही. चुकलं, तर मालिकेला शेवट नाही!"

"वा," अण्णा पुन्हा म्हणाले. "आणि मी काय बोलायचं?"

सगळे हसले. अण्णा थट्टेखोर म्हणून प्रसिद्धच होते. ताई हसल्या नाहीत.

मेकअपच्या खोलीत त्यांनी अण्णांना ते वाक्य म्हणायला लावलं. पहिल्यांदा अण्णा म्हणाले, "मी जातोय, तू कबूल हो." दुसऱ्यांदा म्हणाले, "कबूल केलंस तर मी येतो." तिसऱ्यांदा अगदी बरोबर म्हणाले आणि मग विचारलं, "चिमे, हे कोणाचं वाक्य?" साठीला आलेल्या ताईंना चिमे म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं.

कानात वाक्य सांगणारं यंत्र घालावं, तर एक कान गळालेला आणि दुसरा रबराखाली. सांगून टाकावं? ताई दारापर्यंत गेल्या. बाहेर दिग्दर्शक सुताराच्या गळ्यात हात टाकून दाराभोवती नाचत होता. ताई परत फिरल्या. आणि मग त्यांना युक्ती सुचली. वाक्याच्या वेळी अण्णांचा तळहात त्यांच्याच तोंडासमोर असणार होता. मेलेल्या हातावर निळ्या-काळ्या शिरा काढायच्याच असतात. त्या शिरांतच वाक्य लिहिलं तर? कॅमेऱ्याला शिरा दिसतील, अण्णांना अक्षरं.

आता ताईंची कामाची रीत सांगायला हवी. चेहरा नुसता बघून रंगवायचा नाही, आरशात बघून रंगवायचा, असा त्यांचा नेम. नुसत्या डोळ्याला माया असते, आरशाला नसते, असं त्या म्हणत. खुर्चीच्या मागे उभं राहायचं, हात पुढे घ्यायचा, नजर आरशातून ढळू द्यायची नाही. सगळा जन्म असाच गेला होता. त्यातून अण्णांच्या मानेचा डिंक ओला होता, त्यांना हलवण्याची सोय नव्हती. ताई मागे उभ्या राहिल्या, अण्णांनी शपथ घेतल्यासारखा तळहात आरशासमोर धरला, आणि ताईंनी बारीक ब्रशने, आरशात बघत, एकेक अक्षर काढलं. प्रत्येक अक्षराला मुळासारखे फाटे फोडले. काम झकास उतरलं.

"वाचता येतंय का, अण्णा?"

अण्णांनी आरशात बघून घडाघडा वाचलं. "अक्षर सुरेख आहे हो तुझं."

ताईंनी देवाचे आभार मानले आणि पावडरचा पफ छातीशी धरून कॅमेऱ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

दृश्य सुरू झालं. दारावर धक्के बसले, लाकूड कडाडलं, फळ्या उडाल्या आणि अण्णा बाहेर आले. कुठला पाय ओढायचा, हे ते कधीच विसरत नसत. वहिनी कांब घेऊन थरथरत उभ्या होत्या. कॅमेरा सरकू लागला. अण्णांनी हात उचलला. तळहाताकडे बघितलं.

आणि बघतच राहिले.

त्यांनी हात जरा तिरका केला. डोकं तिरकं केलं. कपाळाच्या करड्या रबराला आठ्या पडल्या. ताईंच्या डोळ्यांसमोर एकदम आरसा उभा राहिला, आणि हातातला पफ खाली पडला. आरशात सुलटं, म्हणजे हातावर उलटं! आपण सगळं वाक्य उलटं लिहिलं!

अण्णांनी हात खाली घेतला नाही. घुरघुरलेही नाहीत. त्यांनी वहिनींकडे बघितलं आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "हे मला वाचता येत नाहीये गं. तू वाच."

आणि तळहात वहिनींपुढे केला.

वहिनींच्या हातातली कांब गळून पडली. ती पडायची ठरलेली नव्हती. त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि वाकून बघितलं. त्यांनाही ते वाचता येणं शक्य नव्हतं. पण वाक्य त्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही गेलात," वहिनी म्हणाल्या. "असं लिहिलंय. मीच ताप आहे, ताप आहे म्हणत बसले. ताप नाही हा. तुम्ही गेलात, आणि मी ते कबूल करते. आता तुम्हाला जाता येईल."

हरवलेला चष्मा कोणी आणून हातात द्यावा, तसे अण्णा ऐकत होते. "बरं," ते म्हणाले. मग दमले असावेत. ते तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांनी वहिनींच्या गुडघ्याला डोकं टेकलं. कॅमेरा दोघांभोवती एक फेरी घालून थांबला.

"कट" जरा उशिरा आलं, कारण दिग्दर्शक नाक शिंकरत होता. "काय केलंत! अहो, काय केलंत हे! तिनेच नाकारलं, तिनेच कबूल करायचं! आणि हातावरच्या रेषा वाचायला लावल्यात! लेखिकाबाई, हे तुम्ही का नाही लिहिलंत?"

"मी लिहिलं असतं, तर तुम्ही कापलं असतं," कोपऱ्यातून लेखिका म्हणाली. पण ती अण्णांकडे बघत होती.

ताईंनी पडलेला पफ उचलला. निभावलं! पण दिग्दर्शकाचा उत्साह अजून उतरला नव्हता. "आता फक्त तळहात. अगदी जवळून. अण्णा, बसा तसेच, हात पुढे करा." आणि मोठ्या पडद्यावर अण्णांचा हात परातीएवढा दिसू लागला.

दिग्दर्शक पुढे वाकला. "ताई, ह्या शिरा... अक्षरांसारख्या दिसतायत का? हा 'म' आहे ना? उलटा?"

लाइटवाल्याने मान वाकडी करून बघितलं. "सर, हे आरशात वाचायला पाहिजे."

लोक हसायला लागले. ताईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. शिराच आहेत, म्हाताऱ्या माणसाच्या शिरा अशाच वळतात. ते ऐकून सगळे गप्प बसले असते, कारण शिरांबाबत ताईंपुढे बोलण्याची कोणाची छाती नव्हती. त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी फक्त डोळे मिटले आणि तसेच मिटून उभ्या राहिल्या.

अण्णा हात पुढे करून शहाण्या मुलासारखे बसले होते. सगळे आपल्या हाताकडे बघून का हसतात, हे त्यांना कळेना. "चिमे," ते हळूच म्हणाले, "माझं काही चुकलं का गं?"

"नाही रे," ताई म्हणाल्या. "माझं चुकलं."

आणि त्या सगळ्यांकडे वळल्या. "शिरा नाहीत त्या. वाक्य आहे. मी लिहिलं. अण्णांच्या लक्षात राहत नाही." एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "वाक्य राहत नाही, बस राहत नाही, कंगवा फ्रिजमध्ये ठेवतात. आणि झोप रोज होते त्यांची, माझ्यापेक्षा चांगली होते, घोरतात! मीच सगळ्यांना सांगत सुटले. टीव्हीवरच्या बाईला नावं ठेवली, आणि घरात मी दुसरं काय करत होते? उद्या त्यांना डॉक्टरकडे नेणार आहे. उठलेल्यांनो, उद्याच्या उरलेल्या कामाला आपापली तोंडं आपण रंगवा. वहिनी, डोळे उघडा आता."

वहिनींनी डोळे उघडले, आणि ताईंनी वर्षभर काढलेली वर्तुळं एका क्षणात गालावर वाहून आली.

"सर, तुमच्या लक्षात आलं नव्हतं?" लाइटवाल्याने विचारलं.

"आलं होतं," दिग्दर्शक डोकं खाजवत म्हणाला. "पण मला वाटायचं, झोप नाही झाली."

तेव्हा लेखिका पुढे आली. "ताई, अण्णाच आले होते माझ्याकडे. म्हणाले, बाई, मला कोणाकडून तरी चाववून घे. मेलेल्याला बोलावं लागत नाही. कोणाला सांगू नकोस म्हणाले, म्हणून..."

ताईंनी कंबरेवर हात ठेवून अण्णांकडे बघितलं, पण सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या आरशासमोर, तेलाचा बोळा गालावरून जरा जोराने फिरवत.

"परक्या मुलीला सांगितलंस! मला नाही?"

"तुला सांगणार होतो," अण्णा डोळे मिटून म्हणाले. "पण तू म्हणाली असतीस, झोप झाली नाही."

ताईंनी कान जागेवर आणला, गाल मिटवला, मान गोरी केली. अण्णा गुणगुणत होते. गाणं कडव्यामागून कडवं पुढे गेलं, शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. देवाने गाणी कुठल्या खणात ठेवली असतील, ताईंना वाटलं, की तिथून अजून काही सांडलं नाही? तळहाताशी आल्यावर त्यांनी बोळा भिजवला आणि ह्या वेळी खुर्चीच्या समोर येऊन, आरशाकडे पाठ करून, हात स्वतःच्या मांडीवर घेऊन पुसला.

"पुढच्या मालिकेत मला धरू नका म्हणावं," अण्णा म्हणाले. "पण खुर्चीत येऊन बसलो तर चालेल का?"

"न चालायला काय झालं? रंग करून बघायला चेहरा लागतोच मला," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बरंच काही विचारलं, एक लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, अजून तपासण्या सांगितल्या. उशीर केलात म्हणाले, पण आणलंत हे बरं केलंत, असंही म्हणाले. येताना दोघं बेकरीत थांबली.

"काय अण्णा, आज ताजेतवाने!" बेकरीवाला म्हणाला.

"नाही हो," ताई म्हणाल्या. "त्यांना बरं नाही. विसरतात. कधी एकटे आले तर पाव द्या आणि घराची वाट दाखवा."

बेकरीवाल्याचा कागद बांधणारा हात थांबला. "मला वाटलंच होतं त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत? अहो, गाल फाटला होता त्यांचा!"

"तुम्हीच म्हणालात, ठणठणीत आहेत!"

अण्णांनी दोघांकडे बघितलं. मग काउंटरवरून पुढे वाकून, बेकरीवाल्याच्या कानाशी तोंड नेऊन गंभीरपणे म्हणाले, "ताप आहे. उतरेल." आणि एक बारीकशी घुरघुर केली.

बेकरीवाला मागच्या पिठाच्या पोत्यावर जाऊन बसला. ताई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की हातातला पाव पार चेपला. अण्णांनी तो चेपलेला पाव रुबाबात काखेत मारला, ताईंकडे बघून एक डोळा मिटला आणि घराच्या दिशेने झपाझप चालू लागले. फक्त ती दिशा घराची नव्हती. ताईंनी डोळे पुसत त्यांना गाठलं आणि कोपर धरून वळवलं.